जुन्या जीपचा अल्टरनेटर आणि वाटेत हरवणारा अर्धा व्होल्ट

वडिलांच्या जुन्या डिझेल जीपची बॅटरी सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन आल्यावरही अर्धवटच भरलेली असे. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला, तेव्हा अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राच्या) टर्मिनलवर 14.1 व्होल्ट आणि बॅटरीवर जेमतेम 13.5 व्होल्ट मिळाले. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता. त्याचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवणारा भाग, स्वतःच्याच टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहून समाधान मानत होता आणि उरलेले मधल्या बारीक वायरीत वाया जात होते. होटगी रस्त्यावरच्या मिस्त्रींनी वायरीचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) कापले, तर आतले तांबे हिरवे पडलेले दिसले.

ती वायर काढून 16 चौरस मिलिमीटरची केबल टाकली, इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तेवढीच जाड अर्थिंग दिली आणि रेग्युलेटरची सेन्सिंगची (व्होल्टेज पाहण्याची) वायर, मध्ये फ्यूज घालून, थेट बॅटरीच्या धन टोकाला जोडली. सेन्सिंगच्या वायरीत डायोड टाकून, म्हणजे रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासवून, चार्जिंगचे व्होल्टेज सुमारे 0.7 व्होल्टने वाढवण्याची युक्तीही मिस्त्रींनी सुचवली होती; परंतु पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात जादा चार्जिंगने बॅटरीतले पाणी झपाट्याने आटते, म्हणून मी ती ठामपणे नाकारली. आता हेडलाइट लावूनही बॅटरीवर 14 व्होल्ट मिळतात.