बॅगेतून ठाण्याला येणारा इंग्रजी ससा

इंग्लंडहून सुट्टीला निघालेल्या मराठी बॅगेत चॉकलेटांच्या खाली बहुतेक वेळा एखादं सशाचं चित्रपुस्तक असतं. पातळ बांधणीचं 200 ग्रॅमच्या आसपास भरतं, पुठ्ठा बांधणीचं अर्ध्या किलोपर्यंत जातं. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचंच मागवा. पानावरच्या कागदी खिडक्या उघडायची पुस्तकं इंग्लंडमधल्या चॅरिटीच्या, म्हणजे जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून आणायला सांगू नका. त्यातल्या खिडक्या आधीच्या बाळाने उपटलेल्या असतात.

पुस्तक ठाण्याच्या आजीच्या हातात आलं की खरी गंमत. आपल्या डोक्यातला ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, म्हणजे पाळीव. पुस्तकातला मात्र तपकिरी, कळपाने बिळांत राहणारा आणि तिन्हीसांजेला चरायला निघणारा. तो रॅबिट. येऊरच्या जंगलातला आपला रानससा म्हणजे हेअर: मानेमागे काळा पट्टा, बीळ खणायच्या भानगडीत न पडता गवतात दबून बसणारा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली. रॅबिटची उघडीबोडकी, डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडणारी. मराठीत दोघंही ससेच, त्यामुळे वाचताना पुस्तकातल्या सशाच्या घराला ‘गुहा’ किंवा ‘घरटं’ नको, बीळच म्हणा. सशाने मागचा पाय आपटला तर तो बहुतेक वेळा चिडलेला नसतो, इतरांना धोका कळवत असतो. तिथे जोरात ‘धप्प!’ म्हणायचं. गाजर ही चित्रकारांची हौस. सशाचं मुख्य अन्न गवत. गाजर गोड, पाळीव सशालाही तुकडाभर पुरे.

मराठी मजकूर चिकटवायचा असेल तर आधी लिंग ठरवा. इंग्रजीत ‘लिटल रॅबिट’ म्हणून भागतं, मराठीत क्रियापद अडतं. ‘पिल्लू’ म्हटलं की सुटका. आई असेल तर सशीण. अक्षर 20 पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. साध्या 80 जीएसएम कागदातून खालचं इंग्रजी दिसतं. फेव्हिकॉल ओला असल्याने पान वाकतं, आणि गुळगुळीत पानावर ग्लू स्टिक महिनाभरात सोडते. सगळ्यात बरा स्टिकर पेपर. झेरॉक्सवाल्याला लेझर प्रिंट मागा. इंकजेटची शाई लाळेने पसरते. पट्टी इंग्रजी मजकुरापेक्षा चारही बाजूंनी 3 मिमी मोठी कापा. मजकूर चित्रावरच छापला असेल तर झाकायच्या फंदात पडू नका, सशाचे कान जातात. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत लावा.

पावसाळ्यात पानं फुगतात, पुठ्ठ्याचे थर कोपऱ्यातून सुटतात. पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, उभी आणि थोडी सैल ठेवा. डाग पुसायचा तर फडकं घट्ट पिळून, मग पंख्याखाली. उन्हात रंग उडतो. चावलेला कोपरा सुटला तर काडीने आत अगदी थोडा फेव्हिकॉल भरा, वर-खाली बटर पेपर लावून रात्रभर पोळपाटाखाली दाबा. गोंद जास्त झाला तर बाहेर येतो आणि शेजारचं पान सशासकट चिकटतं.