वऱ्हाडपांडे सापडत नव्हते

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर नीट लावून देण्याचे काम मी सध्या सुट्टीच्या दिवशी करतो आहे. नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत आणि नाव किंवा पत्ता अर्धवट ठाऊक असला, की एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील ‘लाइक’ उपयोगी पडते; नमुना दिला, की त्यात बसणाऱ्या नोंदी ते शोधून देते. मागच्या रविवारी आलेल्या एका आजोबांचे आडनाव मी ‘%वऱ्हाडपांडे%’ असे शोधले, तेव्हा त्याच आडनावाचे दुसरे दोघे सापडले, पण आजोबा सापडले नाहीत. त्यांची नवी नोंद करण्याआधी मोबाइल क्रमांकावरून शोधले, तर नोंद होतीच, आणि पडद्यावर आडनावही हुबेहूब तसेच दिसत होते.

कारण या आडनावातील अर्ध्या र मध्ये आहे. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो : एक, ऱ हे युनिकोड या प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र चिन्ह व त्यापुढे हलन्त, दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात, परंतु ‘लाइक’ चिन्हांचा क्रम ताडून पाहते, अक्षराचा आकार किंवा उच्चार नव्हे. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही, म्हणजे समान क्रमांना एकच रूप देण्याच्या प्रक्रियेनेही, हे दोन क्रम एक होत नाहीत. ‘व%हाडपांडे’ असा नमुना दिला तेव्हा तिघेही आले, कारण टक्क्याच्या जागी कितीही चिन्हे, अगदी शून्यही, चालतात.

अधोरेखेचे चिन्ह मात्र नेमक्या एकाच चिन्हाची जागा घेते आणि देवनागरीत काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात, हे मराठी नोंदी हाताळणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. आमच्याकडे काहींनी पत्त्यात ‘महाल’ लिहिले आहे, तर काहींनी हिंदीप्रमाणे ‘महल’. ‘म_ल’ या नमुन्यात महल बसतो, महाल बसत नाही. ‘मह%ल’मध्ये दोन्ही बसतात. ‘रामदास%पेठ’ लिहिल्यास जोडून आणि तोडून लिहिलेली रामदासपेठ एकदमच मिळते. पिनकोड मजकूर म्हणून साठवला असेल, तर ‘४४००__’ने शहरातले पत्ते वेगळे काढता येतात, फक्त नोंदीतले आकडे ज्या लिपीत असतील त्याच लिपीत नमुना लिहावा लागतो.

नमुन्याच्या आरंभीच टक्का आला, तर साध्या बी-ट्री इंडेक्सचा, म्हणजे क्रमवार लावलेल्या सूचीचा, उपयोग होत नाही आणि सगळ्या नोंदी तपासाव्या लागतात. मोठ्या यादीसाठी पोस्टग्रेसचे ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन, म्हणजे मजकुराच्या तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांवरून शोधणारी जोडसुविधा, आहे. आमच्या यादीला त्याची गरज नाही.

दर वेळी टक्का पेरत बसणे मला पटले नाही, कारण सैल नमुन्यात नको ती नावेही येतात. म्हणून मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शोधासाठी वेगळा स्तंभ केला आणि ‘रिप्लेस’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने जॉइनरवाला क्रम ०९३१च्या रूपात बदलून त्यात भरला. रफार देऊन लिहिलेला ‘र्ह’ मात्र मी आपोआप बदलत नाही : ‘अर्हता’मध्ये तो बरोबर आहे आणि ‘तऱ्हा’मध्ये चूक, हे यंत्राला सांगता येत नाही. अशी नावे ‘%र्ह%’ने वेगळी काढून, सभासदांच्या मूळ अर्जांवरून एकेक दुरुस्त करतो आहे.