टाळ्यांना मज्जाव

विलंबित ख्यालात गवई नीट स्थिरस्थावर होईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आल्बान बेर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराचे क्लॅरिनेट आणि पियानोचे चारही तुकडे वाजून संपतात. जेमतेम आठ मिनिटं. ओपस 5, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला पाचवा क्रमांक, साल 1913, गाव व्हिएन्ना. त्यातला दुसरा तुकडा तर कागदावर अवघे नऊ बार, म्हणजे आपल्या भाषेत नऊ आवर्तनंच म्हणा.

आपल्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. रस्त्यावरच्या गोंगाटाला पुरून उरणारं वाद्य. बेर्ग त्याच वाद्याकडून कुजबुज करवून घेतो, तर कुठे जीभ फडफडवत फुंकायला लावतो. पियानोवाल्याची कामगिरी त्याहून मजेशीर. एके जागी त्याने काही पट्ट्या आवाज न करता नुसत्या दाबून धरायच्या. दुसरे सूर वाजले की त्या मोकळ्या तारा आपोआप गुणगुणू लागतात. सारंगीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, हा तर घरचाच मामला.

खरी फसगत होते ती त्या नऊ बारांत. पियानो दोनच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, आपल्या हिशेबाने सा आणि शुद्ध गंधार. कान लगेच मांडी ठोकून बसतात: आता पंचम येईल, राग दिसेल. कसला राग! क्लॅरिनेट भलत्याच सुरांत शिरतो आणि तो भरवशाचा षड्ज बघता बघता परका होतो. मला हा तुकडा चौघांत सगळ्यात आवडतो. तिसरा मात्र इतका झटपट पळतो की आवडायलाही सवड मिळत नाही.

1913 हे साल बेर्गला तसं वाईटच गेलं. 31 मार्चला व्हिएन्नात बेर्गची दोन गाणी सादर झाली, वाद्यवृंदाचं दिग्दर्शन त्याचा गुरू, संगीतकार श्यॉनबर्ग याचं. गाण्यांचे शब्द पिक्चर पोस्टकार्डांवरच्या मजकुराचे. श्रोत्यांनी असा दंगा केला की कार्यक्रम अर्धवट गुंडाळावा लागला. ‘थपडांची मैफल’ हे नाव तिला कायमचं चिकटलं. त्यावर कडी म्हणजे जूनमध्ये बर्लिनला गेल्यावर खुद्द गुरू श्यॉनबर्गनेच शिष्याचे कान उपटले. हल्ली तू लिहितोस ते फार त्रोटक, असा एकंदर सूर. शिष्यानेही पत्र लिहून त्या बोलण्याबद्दल आभार मानले! गंडाबंध शागिर्दाला शोभेल असंच वागणं. पुढे त्याने ‘वोत्सेक’सारखा अख्खा ऑपेरा लिहिला, पण म्हणून हे चार तुकडे कमअस्सल ठरत नाहीत. गुरूचं इथे चुकलंच, असं माझं मत.

हे तुकडे लोकांपुढे आले ते थेट 17 ऑक्टोबर 1919 रोजी, श्यॉनबर्गनेच आदल्या वर्षी काढलेल्या खासगी संस्थेत. तिथले नियम ऐकण्यासारखे आहेत. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हुर्यो करायची नाही, समीक्षकांना प्रवेश नाही, आज काय वाजणार हे आधी सांगणार नाहीत. अवघड रचना मात्र पुन्हा पुन्हा वाजवणार. थपडा खाल्लेल्या माणसांनी काढलेली तोड, दुसरं काय!

शेवटचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. हे तुकडे मी नेहमी लागोपाठ दोनदा ऐकतो. पण दाद द्यायची नाही म्हणजे फारच झालं. त्या सा-गंधारावर माझ्या तोंडून ‘क्या बात है’ निघतंच. व्हिएन्नात पहिल्याच दिवशी माझं सभासदत्व रद्द झालं असतं.