गच्चीवरील छायाघड्याळ, टप्पा दुसरा: शंकूच्या टोकाचे भिंतीपासूनचे लंबांतर

इंदूरमधील आमच्या गच्चीच्या दक्षिणाभिमुख भिंतीवर शंकूची (जिच्या टोकाची सावली वेळ दाखवते ती) सळई पक्की बसली असून, तासरेषा आखण्यापूर्वी तिचे टोक भिंतीपासून नेमके किती दूर आहे हे ठरवणे आवश्यक होते. सळई भिंतीला काटकोनात नसल्यामुळे तिची लांबी म्हणजे हे अंतर नव्हे. शिवाय ओळंबा सोडल्यावर भिंत वर जाताना किंचित मागे झुकलेली आढळली, म्हणून सदिशांचा (लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा) मार्ग धरला.

उत्तर दिशा मध्यान्हीच्या सावलीवरून घेतली. इंदूरचे रेखांश सुमारे ७५.८६ अंश पूर्व असल्याने येथील मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास होते, आणि त्यात त्या दिवसाचा कालसमीकरणाचा (सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला) फरक धरावा लागतो.

भिंतीवरील अ हा बिंदू आरंभस्थान मानून पूर्व, उत्तर आणि वर या क्रमाने सेंटिमीटरमध्ये मापे घेतली: ब (१२०, ३५, ०), क (०, १, १००) आणि शंकूचे टोक ट (७०, −१०, ६०). अब आणि अक यांचा सदिश गुणाकार (३५००, −१२०००, १२०) हा भिंतीचा अभिलंब (तिला काटकोनात असलेला सदिश) असून त्याची लांबी सुमारे १२५००.६ येते. अट या सदिशाशी त्याचा अदिश गुणाकार ३,७२,२०० होतो. त्याला अभिलंबाच्या लांबीने भागले की लंबांतर २९.७७ सेंमी मिळते. उत्तर धन आहे, याचा अर्थ अभिलंब टोकाच्याच बाजूला निघतो. गुणाकाराचा क्रम उलटला असता तर चिन्ह बदलले असते, अंतर तेच राहिले असते. अ, ब, क हे बिंदू मात्र एकमेकांपासून दूर आणि एका रेषेत नसलेले हवेत, कारण ते जवळजवळ एकरेषीय असले तर मोजपट्टीतील मिलिमीटरभर फरकानेही अभिलंब भलतीकडे वळतो.

भिंत ओळंब्यात आहे असे गृहीत धरले असते, तर हेच अंतर २९.२ सेंमी आले असते. सुमारे ६ मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु सावलीची सर्व मापे या अंतराच्या प्रमाणात वाढत असल्याने, लंबपादापासून (टोकातून भिंतीवर टाकलेला लंब जिथे टेकतो त्या बिंदूपासून) ४० सेंमीवरील तासखूण केवळ त्यामुळे जवळपास ८ मिलिमीटर सरकली असती. उज्जैनच्या वेधशाळेतील भित्ती यंत्राची भिंत वेधासाठीच बांधलेली आहे. घरगुती भिंतीकडून तितक्या अचूकतेची अपेक्षा कशी करावी?

लंबपाद काढण्यासाठी ३,७२,२०० ला अभिलंबाच्या लांबीच्या वर्गाने भागून, त्या संख्येने अभिलंबाला गुणून तो सदिश ट मधून वजा केला. तो (६१.६६, १८.५८, ५९.७१) येथे येतो. तेथे खिळ्याने खूण केली असून मध्यान्हरेषेची आखणी तिच्याच आधारे करणार आहे.