कुठलं ॲप वापरता ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात विचारतात, चहाच्या टपरीवर विचारतात, परवा तर आमच्या सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला थांबलो होतो तिथं शेजारच्या गाडीवरच्या ओळखीच्या माणसानं विचारलं, "तुमचं सगळं फोनमध्ये असतं म्हणे, कुठलं ॲप वापरता ओ?" गुगल कीप, म्हणजे गुगलचं साधं नोटा लिहायचं ॲप, म्हटलं की चेहरा पडतो. ते पिवळं? एवढंच? हो, एवढंच.

भारी भारी पण करून झालंय. आमचा टॉवेलचा धंदा, तर नोशन नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, वेगळं पान, रंगीत चिन्हं, टेबलं, दोन रविवार त्यातच गेले. सोमवारी मागाच्या शेडमध्ये गेलो तर जॉबर, म्हणजे माग बघणारा मिस्त्री, ओरडून सांगतोय, "मालक, पाच नंबरचं वरचं बीम संपत आलंय" (टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, असतात, लूपचं सूत जास्त लागतं म्हणून ते आधी संपतं) आणि मी आपला टेबल उघडायची वाट बघतोय, शेवटी तळहातावर पेनानं लिहिलं. यूट्यूबवर त्या निकलास लुहमान नावाच्या जर्मन प्राध्यापकाचं कौतुक सारखं चालू असतं, त्यानं लाकडी खणांमध्ये सुमारे ९०,००० चिठ्ठ्या एकमेकींना जोडून ठेवल्या आणि त्यातनं पुस्तकं लिहिली. लिहिली असतील बाबा. मला फक्त अकोल्याच्या पार्टीला मागच्या वेळी कुठला हिरवा दिला होता ते पाहिजे.

आणि गंमत म्हणजे तेच सापडलं नव्हतं. फोन आला, "तोच मागचा हिरवा, ३० बाय ६०, लगेच लावा." मी लिहिलेलं होतं, शंभर टक्के लिहिलेलं होतं. हिरवा शोधलं, नाही. ग्रीन शोधलं, नाही. इंग्रजी अक्षरात शोधलं तरी नाही. रात्री अकरा वाजता बोटानं एकेक नोट सरकवत बसलो तेव्हा सापडलं, मी लिहिलं होतं "पोपटी", आणि टॉवेल पण "टावेल" लिहिलेलं. आपलं असंच असतं ना, बोलतो मराठी, टाईप करतो कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरात, कधी घाईत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि फोन बिचारा अक्षराला अक्षर जुळवून बघतो, पोपटी म्हणजे हिरवाच हे त्याला कोण सांगणार.

तेव्हापासून एकच सवय लावून घेतलीय. नोटेची पहिली ओळ म्हणजे गाव, माल, महिना. आणि शेवटच्या ओळीत मी उद्या घाईत ज्या ज्या शब्दानं शोधीन ते सगळे शब्द, हिरवा पोपटी ग्रीन टॉवेल टावेल, चुकीचं स्पेलिंगसुद्धा मुद्दाम. दिसायला गबाळं दिसतं, पण पाच सेकंदात सापडतं. फोल्डर-बिल्डर काही नाही. बोलून टाईप करायचं म्हणाल तर शेडच्या बाहेर यावं लागतं, आत मागाच्या खटखटीत ते काहीही लिहितं.

तारखांसाठी साधं कॅलेंडर, जीएसटीची दोन रिटर्नं, जीएसटीआर-वनची ११ तारीख आणि थ्री-बीची २०, दोन्हीच्या आदल्या दोन दिवशी घंटा. नळाच्या पाण्याचं पण रिमाइंडर लावलं होतं, चार दिवसाआडचं, पण पाळी पुढं सरकली की रिमाइंडर खोटा, ते बंद केलं, बायकोचा अंदाज जास्त बरोबर असतो.

अजून एक, ॲप कायमचं आपलं नसतं हे धरून चाला. एव्हरनोट नावाच्या नोटांच्या ॲपनं २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्याला ५० नोटांची मर्यादा घातली होती. म्हणून गड्ड्याच्या यात्रेच्या (आमची सिद्धेश्वराची जत्रा) सुट्टीत मी दरवर्षी गुगल टेकआउटवरनं, म्हणजे गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीवरनं, सगळ्या नोटा उतरवून पेनड्राइव्हवर टाकतो.

पण त्या हिरव्याचं पुढं काय झालं ते राहिलंच. नोट सापडली, त्यात फोटो पण होता, आणि फोटोतला हिरवा माझ्या फोनवर एक, पोराच्या फोनवर दुसराच. डाइंगवाल्याला, म्हणजे सूत रंगवणाऱ्याला, काय दाखवू? पप्पा शांतपणे उठले, कपाटातनं लाल वही काढली. त्यात पानाला स्टेपल मारून सुताचा बोटभर तुकडा, खाली त्यांच्या अक्षरात पार्टी आणि तारीख. तोच तुकडा घेऊन गेलो.

आता माझ्या नोटेत रंगाचा फोटो नसतो, नुसतं "पप्पांची वही, पान अमुक" एवढं असतं. आणि परवा पप्पाच वरच्या कप्प्यात हात घालून ओरडत होते, "अरे तुझ्या फोनमध्ये बघ, मागच्या सालची वही कुठं ठेवलीय मी?"