जुना पीडीएफ रीडर बदलताना काय काय हललं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बराचसा माल परदेशी जातो आणि त्याची कागदपत्रं मी बघते. एका परदेशी ग्राहकाने ऑर्डर देण्याआधी भलीमोठी प्रश्नावली पाठवली. डाइंगचं सांडपाणी, कामगारांची वयं, आग विझवायची सोय हे नेहमीचंच. या वेळी मात्र कॉम्प्युटरबद्दलही एक पान होतं आणि त्यात एक प्रश्न: कंपनीने सपोर्ट बंद केलेलं सॉफ्टवेअर तुमच्याकडे वापरात आहे का?

प्रत्येक मशीनवर काय काय आहे ते बघत गेले. माझ्या विंडोज १० च्या मशीनवर अडोबी रीडर इलेव्हन निघाला. २०१२ साली आलेला, आणि १५ ऑक्टोबर २०१७ ला त्याचा सपोर्ट संपलेला. म्हणजे त्यानंतर सुरक्षेची जी भोकं सापडली ती कुणी बुजवलेली नाहीत. वर्ड-एक्सेलचं एक वेळ सोडा, पण एक्स्पोर्टच्या ऑफिसात दिवसभर अनोळखी माणसांच्या पीडीएफ येतात. चौकशी, परचेस ऑर्डर, कुरिअरचं बिल. कुणाची फाइल कशी असेल सांगता येत नाही, आणि उघडल्याशिवाय धंदा होत नाही.

आमच्या अण्णांना हे पटलं नाही. ते पॅकिंग आणि डिस्पॅच बघतात. "चांगलं चालायलंय की ताई. कशाला हात लावता?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दिसायला सगळं व्यवस्थितच चालू होतं.

जुना काढण्याआधी मी एक काम केलं आणि ते केलं म्हणून पुढचा त्रास वाचला. प्रेफरन्सेसमध्ये सिग्नेचर्सच्या खाली ज्या सर्टिफिकेटांवर भरवसा ठेवलाय त्यांची यादी असते. ती एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घेतली. पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटी रजिस्ट्रेशन असो की ई-आधार, डिजिटल सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं ते यामुळेच: सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर आपल्या रीडरचा अजून भरवसा नसतो. नवीन रीडर टाकला म्हणून हिरवी खूण आपोआप येईल असं नाही. सहीवर राइट क्लिक करून सर्टिफिकेट उघडायचं, ते खरंच आपल्याकडच्या सीसीएच्या, म्हणजे डिजिटल सह्यांची सर्टिफिकेटं देणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साखळीतलं आहे का ते बघायचं आणि मगच ट्रस्टेडमध्ये घालायचं. बघता बघता नुसतं 'ओके' दाबत जाणारे मी पाहिलेत. मग सही तपासण्याला अर्थ काय राहिला?

नवीन रीडर डाउनलोड करताना अडोबीच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. शेजारी जास्तीच्या सॉफ्टवेअरच्या चौकटी असतील तर त्यांच्या टिका काढा. बाकी इन्स्टॉल व्हायला फार काही लागत नाही.

खरी गंमत नंतर सुरू झाली. पीडीएफवर डबल क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये उघडायला लागली. ते 'ओपन विथ' मधून सुटलं. पण आमच्या पॅकिंगच्या सॉफ्टवेअरमधलं कार्टनच्या लेबलचं प्रिंटचं बटण दाबलं तर काहीच होईना. ना एरर, ना कागद. शोधल्यावर कळलं, त्या बटणामागे जुन्या रीडरच्या एक्झी फाइलचा, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्या फाइलचा पत्ता लिहून ठेवलेला होता. जुनी फाइल अ‍ॅक्रोआरडी३२ नावाची. नवीन ६४ बिटच्या रीडरमध्ये तिचं नाव नुसतं अ‍ॅक्रोबॅट, आणि फोल्डरही वेगळं. सेटिंगमध्ये पत्ता बदलला आणि प्रिंटर जागा झाला.

लेबल तर निघालं, पण अण्णांनी हातात घेतल्या घेतल्या मान हलवली. "बारकं आलंय." फूटपट्टी लावली तर खरंच बारीक होतं. छपाईच्या खिडकीत 'फिट' निवडलेलं होतं, म्हणून लेबल पानात बसवायला किंचित आकसलं होतं. बारकोडला हे चालत नाही. पलीकडच्या गोडाउनात स्कॅन झालं नाही तर ग्राहक थेट दंड लावतो. 'अ‍ॅक्च्युअल साइझ' केल्यावर माप बरोबर आलं. सॉफ्टवेअर बदलल्यावर स्क्रीन सगळेच बघतात, कागद मोजायचं सुचलं ते अण्णांनाच. तेव्हापासून त्यांची कुरकुर जरा कमी झाली.

राहिला सहीचा टोकन, म्हणजे आपली डिजिटल सही ज्यात असते तो पेन ड्राइव्हसारखा तुकडा. यूएसबीला लावला तरी नवीन रीडर त्याला ओळखेना. मेंटेनन्सला येणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्रोटेक्टेड मोड बंद करा, लगेच होतंय." मी नाही म्हटलं. हा मोड रीडर टेनपासून, म्हणजे २०१० पासून आहे. तो फाइलला एका बंद खोलीत उघडतो, म्हणजे तिच्यात काही वाईट असलं तरी बाकीच्या मशीनला लवकर हात लागत नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच दार उघडं टाकायचं? टोकनच्या कंपनीकडून ताजा ड्रायव्हर घेऊन टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि सही झाली. त्याने सांगितलेला उपाय चालला असता, यात शंका नाही. बऱ्याच ऑफिसांत तो तसाच चालू असेल.

बाजूची पट्टी सगळ्यांना सतावते. पीडीएफ एडिट करा, वर्डमध्ये बदला ही बटणं समोर असतात, पण ती पैसे भरून घ्यायची आहेत. वाचायला, छापायला, शेरा टाकायला काही पडत नाही. नवीन मांडणी डोळ्याला सवयीची नसेल तर मेनूमधून जुन्यासारखी करून घेता येते. अण्णांना तीच दिली असती.

पण अण्णांचं मशीन विंडोज ७ वर, तेही ३२ बिट. विंडोज ७ चाच सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय आणि सध्याचा रीडर त्यावर बसत नाही. त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. आता त्यावर फक्त वजनकाट्याची नोंद होते, आणि पीडीएफ बघायची असली की अण्णा माझ्या टेबलाशी येतात. नवीन मशीनचं कोटेशन मालकांच्या टेबलावर आहे. मार्चअखेरनंतर बघू म्हणालेत.