तुम्ही विचारलंत म्हणून: दादाचा नंबर मागे का?

"एवढी मोठी मशीन बसवली, मंग हृदय पयले त्यालेच भेटाले पाहिजे ना वं? नंबर काऊन लागत नाई?" आर्वीच्या बाजारात, लग्नात, तेरवीत, गाठ पडली की हेच विचारतात. दादा अमेरिकेत असतो, हृदय प्रत्यारोपणाच्या यादीवर आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच्या हृदयाची डावी बाजू रक्त ढकलेनाशी झाली, म्हणून तिथे पंप बसवला. पंपाची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते. सोबत दोन बॅटऱ्या. पूर्ण चार्ज असल्या तर जास्तीत जास्त १७ तास चालतात. पंपातून रक्त सलग वाहतं, त्यामुळे मनगटावर नाडी लागणं कठीण. वायरीच्या जागेला जंतू लागू नयेत म्हणून पोहणं बंद. नदीकाठी वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. पण तो घरी राहतो, हिंडतो, फोनवर कापसाचा भाव विचारतो.

त्याचा नंबर मागे राहतो तो याचमुळे. आजार किती मोठा यावर यादी लागत नाही. हृदय मिळालं नाही तर कोण आधी जाईल, यावर लागते.

ऑक्टोबर २०१८ पूर्वी तिथे तीन पायऱ्या होत्या आणि पंपवाल्यांना त्यात बरी जागा होती. मग सहा केल्या. पहिलीवर एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर टिकलेले, दुसरीवर हृदयाला तात्पुरता आधार देणारा बलून पंप लावून आयसीयूत पडलेले. पंपावर ठीक असलेला माणूस चौथीवर. त्याला ३० दिवस तिसरीवर चढता येतं. दादाचे ते संपले. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्यांसाठी शोध ५०० सागरी मैलांपर्यंत जातो, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर, नागपूर-मुंबईहून लांब. शेजारच्या दवाखान्यातलं हृदयसुद्धा दादाला ओलांडून तिकडे जाऊ शकतं. त्यात त्याचा रक्तगट ओ. ओ गटाचं हृदय इतर गटांनाही चालतं, त्याला मात्र ओचंच लागतं.

वशिला लावा म्हणणाऱ्यांना सांगते, जुळणी कॉम्प्युटर करतो, तिथे आमदार-खासदाराचं काम नाही. बरंच आहे ते.

एक्मोवरच्या माणसाकडे थोडेच दिवस असतात. त्याला आधी मिळावं, हे मला मनापासून पटतं, दादालाही पटतं. पटत नाही ते पुढचं. पंपवाल्याला वर सरकायचं तर पंपात गुठळी व्हावी लागते, जंतुसंसर्ग वाढावा लागतो, रक्तस्राव थांबेनासा व्हावा लागतो. म्हणजे प्रत्यारोपण सोसण्याची ताकद असते तेव्हा नंबर नाही, आणि नंबर येतो तेव्हा अंगात ताकद उरलेली नसते. रक्त चढवावं लागलं तर शरीरात परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात, मग जुळणारं हृदय आणखी दुर्मिळ. शिवाय नव्या पायऱ्या आल्यावर यादीतल्या रुग्णांना बलून पंप लावण्याचं प्रमाण तिथे वाढलं. उपचाराला पायरी जोडली की असं होणारच.

वर्षानुवर्षं पंपावर काढलेल्यांना, काही बिघडायच्या आत, वरची पायरी द्यावी असा प्रस्ताव तिथल्या हृदय-समितीनेच मांडला. माझं मागणंही तेवढंच आहे. दादाला सगळ्यांच्या पुढे न्या असं मी म्हणत नाही; धडधाकट असतानाच त्याची पाळी येऊ द्या, एवढंच म्हणते.